‘पोस्टमध्ये बघू’ची किंमत

2023 हे साल सुपरहिरोपटांना भलतंच महागात पडलं. फेब्रुवारीत आलेल्या ‘अँट-मॅन अँड द वास्प: क्वांटमेनिया’ने अमेरिकेत पहिल्या वीकेंडला 10 कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला आणि दुसऱ्या वीकेंडला त्याची कमाई जवळपास 70 टक्क्यांनी कोसळली. जूनमधला ‘द फ्लॅश’ जगभर मिळून 27 कोटी डॉलरच्या आसपास अडकला. त्याचा नुसता निर्मितीखर्चच 20 कोटींच्या घरात होता. नोव्हेंबरात ‘द मार्व्हल्स’ साधारण 20.6 कोटी डॉलरवर आटोपला. तेव्हापासून एकच निदान कानावर येतंय: लोकांना सुपरहिरोंचा वीट आलाय.

निदान सोयीचं आहे. स्टुडिओच्या मोठ्या साहेबांनाही ते आवडतं, कारण त्यात दोष प्रेक्षकाच्या चवीवर जातो. पण त्याच वर्षी मे महिन्यात ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी व्हॉल्यूम 3’ने 84.5 कोटी डॉलर कमावले आणि जूनमध्ये ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ने 69 कोटी. ‘गार्डियन्स’ची दुसऱ्या वीकेंडची घसरण 50 टक्क्यांच्याही आत राहिली. याचा अर्थ ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांनी घरी जाऊन चार जणांना ‘जा’ म्हणून सांगितलं. प्रेक्षक तेच, पडदे तेच, तिकिटाचे दरही तेच. वीट आलेला माणूस असा निवडून निवडून चित्रपट बघत नाही.

बिघाड सुपरहिरोंमध्ये नाही, तो कामाच्या पद्धतीत आहे. पटकथेचा शेवट, पोशाख, जागा, दिवसाची वेळ, खलनायक नेमका दिसतो कसा हे सगळं कॅमेरा सुरू होण्याआधी ठरायला हवं. गेल्या दहा-बारा वर्षांत हे निर्णय शूटिंगनंतर घ्यायची चटक लागली. संगणकावर सगळं बदलता येतं या भरवशावर ‘पोस्टमध्ये बघू’, म्हणजे शूटिंगनंतरच्या ‘पोस्ट-प्रॉडक्शन’मध्ये निस्तरू, हे धोरणच होऊन बसलं. बदलता सगळं येतं, यात वाद नाही. पण प्रत्येक बदलाची किंमत कुणीतरी मोजतो आणि ती पडद्यावर दिसते.

ही किंमत कळायला एक शॉट उलगडून बघावा लागेल. पाच सेकंदांचा साधा शॉट घेऊ: नायिका उंच इमारतीच्या गच्चीवर उभी, मागे शहर, संध्याकाळ, खांद्यावर लांब केप. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 120 फ्रेम. संकलकाला मागेपुढे करायला जागा हवी म्हणून दोन्ही टोकांना आठ-आठ फ्रेमचे हँडल. म्हणजे 136 चित्रं. हे शूट होतं हिरव्या पडद्यासमोर, त्या हिरव्याच्या जागी शहर नंतर बसवतात. पडदा सगळीकडे सारखा उजळलेला हवा आणि नटी त्याच्यापासून निदान आठ-दहा फूट पुढे हवी. नाहीतर पडद्याचा हिरवा रंग तिच्या गालावर, केसांच्या कडांवर उतरतो. याला ‘स्पिल’ म्हणतात आणि तो काढताना केसांची टोकंही कापली जातात. मोठ्या चित्रपटांतही नट कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसतात त्याचं निम्मं कारण हे.

शॉट झाला की व्हीएफएक्सची, म्हणजे संगणकी दृश्यपरिणामांची माणसं तिथेच दोन गोळे धरून कॅमेऱ्यासमोर उभी राहतात, एक आरशासारखा चकचकीत आणि एक करडा. चकचकीत गोळ्यात आजूबाजूचे सगळे दिवे प्रतिबिंबित होतात, करड्यावर उजेड-सावलीचं प्रमाण कळतं. सोबत लेन्स कोणती, कॅमेरा किती उंचीवर, फोकस किती फुटांवर याची नोंद. सगळं मिळून मिनिटभराचं काम. सेट मागे पडलेला असला की पहिली कुऱ्हाड याच मिनिटावर पडते. मग सहा महिन्यांनी दुसऱ्या खंडात बसलेल्या लायटिंग आर्टिस्टला नटीच्या नाकाची सावली बघून दिवा कुठे होता याचा अंदाज बांधावा लागतो.

पुढे हा तुकडा स्टुडिओत येतो तेव्हा त्याला ‘प्लेट’ म्हणतात. मॅचमूव्हवाले खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल संगणकात जशीच्या तशी उभी करतात. रोटोवाले नटीच्या कडा फ्रेममागून फ्रेम हाताने आखतात. केस बांधलेले असतील तर दिवसभरात उरकतं, मोकळे सोडलेले आणि वाऱ्यावर उडणारे असतील तर आठवडाही जातो. पेंटवाले दोऱ्या, खुणा, माइक पुसतात. मग केपचं सिम्युलेशन (ती वाऱ्यात कशी हलेल याचं संगणकी गणित), मागचं शहर, लायटिंग, रेंडर (संगणकाकडून पक्कं चित्र काढून घेणं) आणि शेवटी कॉम्प, म्हणजे हे सगळे थर एकावर एक बसवणं. इथे डोळ्याला खटकणाऱ्या गोष्टी फार बारीक असतात. दूरच्या इमारतीतला काळा रंग धुरकट हवेमुळे थोडा उजळ दिसायला हवा. तो नटीच्या केसांतल्या काळ्याइतकाच गडद राहिला तर मागचं शहर दोन हातांवर टांगलेल्या पडद्यासारखं वाटतं. पायाखाली जमिनीला टेकणारी बारीक गडद सावली राहून गेली तर माणूस तरंगतो. प्रेक्षकाला यातलं काहीच नावानिशी सांगता येत नाही. तो एवढंच म्हणतो, “काहीतरी खोटं वाटतंय राव.”

आता समजा हे सगळं झाल्यावर वरून निरोप आला: संध्याकाळ नको, रात्र करा. नटीच्या डाव्या गालावर मावळतीचा नारिंगी उजेड चित्रित झालेला आहे. तो पुसता येत नाही, फक्त दाबता येतो. रंग दाबला की कातडी मेणासारखी दिसते. शहराच्या दिव्यांचा उजेड आता खालून यायला हवा, पण चेहऱ्यावर तो कुठेच नाही. मग आणखी अंधार करायचा, थोडा पाऊस टाकायचा, धूर सोडायचा. इतक्या क्लायमॅक्समध्ये रात्र, पाऊस आणि धूर एकत्र का असतात याचं हे एक अगदी अरसिक कारण आहे.

किंवा निरोप येतो: पोशाखच बदला. अशा वेळी नटीचं फक्त डोकं ठेवून मानेखालचं सगळं शरीर संगणकावर बनवतात. याची खूण मानेपाशी सापडते. माणूस बोलताना, श्वास घेताना मानेचे स्नायू हलतात आणि कॉलरला रेटतात. नकली कॉलर मात्र गळ्याभोवती निवांत बसून राहते. ‘अव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये कालप्रवासाला निघताना सगळ्यांनी घातलेले ते पांढरे सूट असे पूर्णपणे संगणकावर बनवलेले आहेत, कारण शूटिंगच्या वेळी त्यांचं डिझाइनच पक्कं झालं नव्हतं. तिथे ते खपून गेलं. खपलं का, ते पुढे येईलच.

या ढकलाढकलीचा सगळ्यात वाईट परिणाम मात्र व्हीएफएक्सच्या शॉटवर होत नाही, तो साध्या कॅमेऱ्याच्या कामावर होतो. मागे नक्की काय दिसणार हे ठाऊक नसेल तर छायाचित्रकाराने उजेड कुठून मारायचा? तो मग वरून सगळीकडे सारखा पसरणारा मऊ उजेड ठेवतो, म्हणजे मागे वाळवंट येवो नाहीतर अंतराळयान, कशाशीही साधारण जमून जाईल. असा उजेड चुकत नाही आणि काही सांगतही नाही. गेल्या काही वर्षांतले मोठे चित्रपट करड्या चिखलातून काढल्यासारखे दिसतात, ते छायाचित्रकार अडाणी झाले म्हणून नव्हे. त्यांना बाजू घ्यायची परवानगीच नसते. त्यात आपल्याकडे तोच चित्रपट थ्रीडीत बघितला की चष्मा आणखी उजेड खातो. टूडीसाठी पडद्यावर 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड असावा असा दंडक आहे. थ्रीडीत त्याचा तिसरा हिस्सा डोळ्यांपर्यंत आला तरी थिएटर चांगलं म्हणायचं.

यावर उपाय म्हणून एलईडीची भिंत आली. 2019 च्या ‘द मँडलोरियन’ या मालिकेसाठी उभारलेली भिंत वीस फूट उंच होती, आतली मोकळी जागा 75 फूट व्यासाची. मागचं दृश्य भिंतीवर चालू असतं, त्याचाच उजेड नटाच्या अंगावर आणि चिलखतावर पडतो. हिरवा रंग नाही, स्पिल नाही. पण या भिंतीची एक अट आहे: तिच्यावर दाखवायचं दृश्य शूटिंगच्या दिवशी तयार हवं. निर्णय आधी घ्यावा लागतो. ‘द बॅटमॅन’मध्ये छायाचित्रकार ग्रेग फ्रेझर यांनी गच्चीवरच्या प्रसंगांना हीच भिंत वापरली आणि शहरावरचं ते तांबूस आकाश खरं वाटतं. ‘क्वांटमेनिया’तही हीच भिंत होती, आणि तिथे माणसं एका गोल चौथऱ्यावर अडकून पडल्यासारखी दिसतात, कुणी चार पावलं पलीकडे जातच नाही. यंत्र एकच, फरक आधी डोकं किती चालवलं याचा. त्यातून ‘क्वांटमेनिया’ची तारीख अलीकडे आणली गेली होती: जुलै 2023 ला यायचा तो चित्रपट ‘द मार्व्हल्स’शी अदलाबदल करून फेब्रुवारीत आणला. पाच महिने हातचे गेले, तेही नेमके पोस्टमधले.

माझ्या मते या सगळ्याचा सगळ्यात बोलका पुरावा ‘ब्लॅक पँथर’ आहे. 2019 च्या ऑस्करमध्ये त्याला तीन पुरस्कार मिळाले: वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि संगीत. यातली पहिली दोन कामं अशी आहेत की ती शूटिंगच्या आधी पुरी करावीच लागतात. कापड शिवल्याशिवाय नट अंगात काय घालणार आणि भिंत उभी राहिल्याशिवाय दार कुठे बसवणार? वेशभूषाकार रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शक हॅना बीचलर यांनी घडवलेला वकांडा हा काल्पनिक देश आजही ताजा वाटतो. त्याच चित्रपटातली खाणीतली शेवटची मारामारी, जी संपूर्णपणे पोस्टमध्ये घडवली, ती मात्र त्याच वर्षी जुन्या व्हिडिओ गेमसारखी दिसत होती, आणि त्या वर्षीच्या व्हीएफएक्सच्या पाच नामांकनांत ‘ब्लॅक पँथर’चं नाव नव्हतं. पैसा तोच, स्टुडिओ तोच, दिग्दर्शकही तोच. पुढे हेही लक्षात घ्या, की डझनभर नामांकनं मिळूनही 2025 च्या सोहळ्यापर्यंत मार्व्हल स्टुडिओजच्या एकाही चित्रपटाला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालेलं नव्हतं.

किंमत कोण मोजतो? इथे मुंबईचा संबंध येतो, आणि तो थेट आहे. हॉलिवूडचे स्टुडिओ व्हीएफएक्सचं काम ठरावीक रकमेच्या बोलीवर देतात. बोली लावताना शॉट किती, प्रत्येकात काय हे कागदावर असतं. नंतर शॉट पाच वेळा बदलला तर वाढीव पैसे मागता येतात, निदान करारात तशी सोय असते. पण गिऱ्हाईक पाच-सहाच आहेत आणि जास्त कटकट करणाऱ्याला पुढचं काम मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग फरक भरून निघतो तो रात्रपाळ्यांमधून. 2013 मध्ये ‘लाइफ ऑफ पाय’ला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं तेव्हा तो वाघ घडवणारी ‘रिदम अँड ह्यूज’ काही दिवसांपूर्वीच दिवाळखोरीत गेली होती. पुरस्कार घेताना पर्यवेक्षकाने त्याचा उल्लेख करायला सुरुवात केली आणि ‘जॉज’चं संगीत वाजवून त्याचा माइक बंद करण्यात आला. त्या कंपनीची एक शाखा मुंबईत होती.

आज तर मुंबईशिवाय हा धंदा चालतच नाही. 1997 साली इथे सुरू झालेल्या ‘प्राइम फोकस’ने 2014 मध्ये लंडनच्या ‘डबल निगेटिव्ह’शी हातमिळवणी केली, तीच आजची डीएनईजी. फ्रेमस्टोअर आणि आयएलएम या बड्या व्हीएफएक्स कंपन्यांनीही पुढे मुंबईत दुकान थाटलं. रोटो, पेंट आणि मॅचमूव्ह या वेळखाऊ कामांचा मोठा भाग वर्षानुवर्षं भारतात होतो आहे. लॉस एंजेलिसला संध्याकाळी एखाद्याच्या मनात आलं की तो शॉट चार फ्रेमनी लांबवू, तर मालाड-गोरेगावात त्याची किंमत रोटोच्या टेबलावर मोजली जाते. फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर हा व्हीएफएक्स कंपन्यांचा समूह कोसळला आणि भारतातल्या हजारो लोकांची नोकरी एका आठवड्यात गेली. सप्टेंबर 2023 मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या पगारावर असलेल्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी 32 विरुद्ध शून्य मतांनी युनियन केली, ते बरंच झालं. पण ती सेटवरची आणि समन्वयाची माणसं. बोलीवर काम करणाऱ्या कंपन्यांतला कलाकार, आणि त्यातही इथला, त्या छत्राखाली येत नाही.

आता माझ्याच म्हणण्याला येणारे आक्षेप. जाणकार लगेच ‘आयर्न मॅन’ पुढे करतील. 2008 चा तो चित्रपट, ज्यावर ही सगळी इमारत उभी राहिली, त्याची पटकथा शूटिंग सुरू झालं तेव्हा अर्धवट होती. दिग्दर्शक जॉन फॅव्हरो आणि नायक रॉबर्ट डाउनी ज्युनियर संवाद सेटवर घडवत होते. मग आधी ठरवण्याचा आग्रह कशाला? फरक असा, की तिथे बदलत होतं ते दोन माणसांचं एका खोलीतलं बोलणं. ते बदलायला कागद-पेन्सिल आणि तासभर लागतो. चिलखत मात्र स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओत प्रत्यक्ष घडवलेलं होतं. संगणकावरचं चिलखत बनवणाऱ्यांसमोर धातूसारखा उजेड परतवणारा खराखुरा नमुना होता. जे बदलायला स्वस्त ते शेवटपर्यंत मोकळं ठेवलं, जे महाग ते आधी बांधलं. आज नेमकं उलट झालंय: संवाद ‘अप्रूव्ह’ झालेले असतात आणि खलनायकाचा चेहरा चित्रपट लागायच्या महिनाभर आधीपर्यंत बदलत राहतो.

‘एंडगेम’चंही तसंच. जवळपास अडीच हजार व्हीएफएक्स शॉट, पांढरे सूट नंतर घातलेले, आणि तरी चित्रपट उभा राहतो. त्याचं मुख्य शूटिंग जानेवारी 2018 मध्ये संपलं आणि तो एप्रिल 2019 ला आला. पंधरा महिने. मधल्या काळात डिस्ने प्लस नव्हतं, त्यामुळे त्याच कंपन्यांच्या त्याच माणसांवर आणखी मालिकांचा भार नव्हता. आणि दिग्दर्शकांना कथेचा कणा ठाऊक होता: कोण मरणार, कुणाच्या हातून, का. 2008 ते 2019 या काळातल्या मार्व्हलच्या 23 चित्रपटांची लांबी साधारण 50 तास भरते. नंतरच्या चौथ्या टप्प्यात, म्हणजे अवघ्या 2021 आणि 2022 मध्ये, सात चित्रपट आणि आठ मालिका मिळून जवळपास तेवढाच माल बाहेर पडला. इतकं काम वेळेवर आणि नीट करणारे हात जगात नाहीत. मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीही मे 2024 मध्ये वर्षाला दोन, फार तर तीन चित्रपट आणि दोनच मालिका असं जाहीर केलं.

दुसरा आक्षेप चाहत्यांचा लाडका: संगणक टाका, सगळं खरं-खरं करा, ‘टॉप गन: मॅव्हरिक’ बघा. अहो, ‘मॅव्हरिक’मध्ये 2,400 व्हीएफएक्स शॉट आहेत. नट खऱ्या विमानात बसले, वेगवान वळणांच्या दाबाने (‘जी-फोर्स’ने) त्यांचे गाल खरोखर ओढले गेले, हे अगदी कबूल. पण ते बसलेली विमानं आणि पडद्यावर दिसणारी विमानं प्रत्येक वेळी एकच नाहीत. फरक इतकाच की बनवणाऱ्यांसमोर आकाशात उडणारं खरं विमान होतं, त्यावर पडलेलं खरं ऊन होतं. ‘आम्ही संगणक वापरलाच नाही’ ही जाहिरात हल्ली फार चालते आणि ती शेकडो लोकांचं काम पुसून टाकते. ‘गार्डियन्स 3’मध्ये तर 22,500 हून अधिक प्रोस्थेटिक, म्हणजे मेकअपसाठी अंगावर चिकटवायचे तुकडे वापरले, तो विश्वविक्रम आहे, आणि त्याच चित्रपटातलं सगळ्यात हृदयद्रावक पात्र, पिंजऱ्यातलं ते रॅकून, संपूर्णपणे संगणकावर जन्मलं. दोन्ही चालतं, कारण दोन्ही कशासाठी हे लेखक-दिग्दर्शक जेम्स गन यांनी लिहितानाच ठरवलेलं होतं.

मग टोकियोहून ‘गॉडझिला मायनस वन’ आला. 610 व्हीएफएक्स शॉट, शिरोगुमी नावाच्या स्टुडिओतले 35 कलाकार, आणि दीड कोटी डॉलरपेक्षाही कमी खर्च. मार्च 2024 मध्ये त्याने व्हीएफएक्सचं ऑस्कर नेलं, आणि हरलेल्यांच्या रांगेत ‘गार्डियन्स 3’ आणि ‘मिशन इम्पॉसिबल’ होते. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी हेच व्हीएफएक्सचे पर्यवेक्षक. कलाकाराला शंका आली तर उत्तर त्याच खोलीत, त्याच दिवशी मिळायचं. हॉलिवूडमध्ये तोच प्रश्न समन्वयक, पर्यवेक्षक, स्टुडिओचा पर्यवेक्षक, निर्माता अशा पायऱ्या चढून आठवड्याने परत येतो, आणि येतो तेव्हा बऱ्याचदा उत्तराऐवजी तीन नवे पर्याय मागत येतो. जपानमधली मजुरी कमी आहे आणि तिथेही माणसं राबवली जातात, तेव्हा दीड कोटीचा आकडा आदर्श म्हणून मिरवू नये. पण समुद्राचं पाणी त्या राक्षसाच्या पाठीवरून ओघळताना जसं फुटतं, तसं पाणी वीसपट पैसा ओतूनही अनेकांना जमलेलं नाही.

आपल्याकडे याची सगळ्यात महाग शिकवणी ‘आदिपुरुष’ने घेतली. ऑक्टोबर 2022 मध्ये अयोध्येत टीझर आला, टिंगल झाली, आणि जानेवारीतलं प्रदर्शन जूनवर गेलं. ‘तान्हाजी’सारखा नेटका चित्रपट देणाऱ्या ओम राऊत यांना मोठ्या पडद्याची जाण नाही असं कुणी म्हणणार नाही. पण पाच महिन्यांत माकडांच्या केसांचा पोत सुधारतो, रंग सुधारतो. हिरव्या-निळ्या पडद्यासमोर सपाट उजेडात चित्रित झालेला नट काही अशोकवनात जाऊन उभा राहत नाही. प्लेटच चुकली की पुढचं सगळं मलमपट्टी.

उलट दक्षिणेत बघा. 2021 चा मल्याळम ‘मिन्नल मुरली’: नायक गावातला शिंपी, पोशाख शिवलेला आणि शिवल्यासारखा दिसणारा, वीज पडलेली दोनच माणसं. खलनायकाच्या वर्षानुवर्षांच्या एकतर्फी प्रेमावर चित्रपट तोलला आहे, आणि त्याला एकही शॉट रेंडर करावा लागत नाही. जानेवारी 2024 चा तेलुगू ‘हनुमान’, ऑगस्ट 2025 चा मल्याळम ‘लोका’. दोन्हींचं बजेट हॉलिवूडच्या एका क्लायमॅक्सइतकंही नाही. ‘लोका’ केरळातल्या नीली या यक्षीच्या लोककथेतून उगवला आहे आणि सुमारे 30 कोटी रुपयांत झाला असं सांगितलं जातं. त्याने 300 कोटींचा पल्ला गाठला. बरीचशी मारामारी रात्री, अरुंद जागेत, खऱ्या भिंतींमध्ये आहे. हे कंजुषी म्हणून केलेलं नाही, लिहितानाच तसं योजलेलं आहे.

मराठीत हे का होत नाही, तर पैसा नाही, असं उत्तर मिळतं. 2015 मध्ये ‘बाजी’ने मुखवटाधारी नायक आणून बघितला, पुढे कुणी वाट धरली नाही. पण 2025 च्या सप्टेंबरात ‘दशावतार’ला झालेली गर्दी सांगते की कोकणातल्या दंतकथेसाठी माणूस आजही तिकीट काढतो. राखणदारापासून गोव्यातल्या बेताळापर्यंत पात्रं तयार बसली आहेत. पाच-सात कोटींत करायचं तर व्हीएफएक्स पर्यवेक्षक शूटिंगला नको, पटकथेच्या दुसऱ्या खर्ड्यालाच बसवा. त्याने प्रत्येक पानावर शॉट मोजायचे आणि दीडशेच्या पुढे गेले की लेखकाने प्रसंग बदलायचा. नायकाला मुखवटा द्या, म्हणजे उडीच्या वेळी संगणकावरचा किंवा स्टंटवाला माणूस घालता येतो आणि चेहरा जुळवायचा खर्च वाचतो. केस बांधलेले ठेवा. रोटोचं बिल निम्म्यावर येईल. हिरवा पडदा लावण्यापेक्षा खऱ्या देवराईत पहाटे साडेपाचला पोचा. संकलन लॉक, म्हणजे कायमचं पक्कं, झाल्याशिवाय एकही शॉट बाहेर पाठवू नका, आणि लॉक म्हणजे लॉक. वितरकाने सुचवलं म्हणून इंटरव्हल हलवायचा नाही. त्या दोन गोळ्यांसाठी प्रत्येक सेटअपला मिनिट राखून ठेवा, सहायक दिग्दर्शक कितीही ओरडला तरी.

एक गोष्ट मात्र माझ्या मांडणीत नीट बसत नाही, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा माझ्या लेखी या दशकातला सर्वोत्तम सुपरहिरोपट. भारतात तो मराठीसकट दहा भाषांत आला. मुंबई आणि मॅनहॅटन यांचा गुंता करून रचलेलं मुंबॅटन आणि तिथला भारतीय स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर मराठीत ऐकण्याची मौज वेगळीच होती. आणि हाच चित्रपट अखेरपर्यंत बदलत राहिला. पूर्ण झालेले प्रसंग मोडून पुन्हा केले गेले. प्रदर्शनानंतर त्यावर काम केलेल्या काहींनी नाव न देता सांगितलं, की शंभरेक कलाकार चित्रपट पुरा व्हायच्या आत सोडून गेले. म्हणजे न ठरवता केलेलं काम दर वेळी वाईटच दिसतं असं नाही. कधीकधी माणसं जिवाचं रान करून ते तारतात, आणि आपण टाळ्या वाजवतो. मी वाजवल्या, पुन्हाही वाजवीन. पण त्या टाळ्या ‘पद्धत बरोबर होती’ याचा पुरावा म्हणून कुणी वापरू नयेत.

मार्व्हलची स्पर्धक असलेल्या डीसीची सूत्रं हाती आल्यावर जेम्स गन यांनी पटकथा पूर्ण झाल्याशिवाय चित्रपट सुरू करायचा नाही असा नियम केला आणि पटकथा जमेना म्हणून एक मंजूर झालेला प्रकल्प गुंडाळलाही. ‘सुपरमॅन’चं शूटिंग जुलै 2024 मध्ये संपलं, चित्रपट वर्षाने आला आणि 61 कोटी डॉलरच्या वर गेला, आपल्याकडे सेन्सॉरने त्यातलं 33 सेकंदांचं चुंबन कापलं तेवढंच. त्याच उन्हाळ्यात मार्व्हलचे ‘थंडरबोल्ट्स’ आणि ‘फँटास्टिक फोर’ त्याच्या मागे राहिले, जरी दोन्ही बरे होते, आणि ‘फँटास्टिक फोर’मधली साठच्या दशकाची सजावट तर बहारदार होती. पुन्हा तेच: आधी ठरवलेलं, लाकूड-कापडात घडवलेलं, म्हणून नजरेत भरणारं. मार्व्हलचा खरा कस ‘अव्हेंजर्स: डूम्सडे’ला लागेल. मुळात 1 मे 2026 ला ठरलेली त्याची तारीख त्यांनी 18 डिसेंबरवर नेली. साडेसात महिने वाढवून मिळाले. ते ठरलेले शॉट नीट पुरे करायला वापरले तर भरपूर आहेत. शेवट काय करायचा हे ठरवायला वापरले, तर मुंबईतल्या रोटोच्या टेबलांना दिवाळीची सुट्टी मिळणार नाही.